नावामागचा पत्ता

आमच्या कचेरीतून जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रत्येक मेलची वेळ मी वहीत लिहिते. मल्हार हसतो. "क्षमाक्का, मेलमध्ये टाइम ऑलरेडी असतो ना!" असतो. पण मेल पाठवल्यावर कोण किती वेळा खुर्चीतून उठलं, ते मेलमध्ये नसतं. माझ्या वहीच्या शेवटच्या रकान्यात असतं, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात.

बेंगळुराबाहेर होसकोट्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा कारखाना आहे. पाण्याच्या पंपात बसणारे पितळी बुश आम्ही बनवतो. खाली तीस माणसं आणि नऊ मशीनं. वरच्या मजल्यावर आम्ही चौघं: काचेच्या केबिनमध्ये मालक गिरीराज सर, गिऱ्हाइकं सांभाळायला पुरुषोत्तम अण्णा, कॉम्प्युटर आणि प्लॅनिंगला मल्हार, आणि आवक-जावकीला मी. चौघंही मराठी, कारण सरांचे वडील ओळखीच्या घरांतलीच माणसं घेत. सरांचं घराणं, अण्णांचं आणि माझं, तिन्ही बेंगळुरात इतक्या पिढ्या आहेत की पुण्याच्या मल्हारनं पहिल्याच आठवड्यात आमच्या मराठीला 'क्यूट' म्हटलं. त्या दिवसाची तारीख माझ्याकडे आहे.

अण्णांकडेही एक वही होती. तपकिरी रेक्झिनची, वर रबरबँड. अठ्ठावीस वर्षांची सगळी गिऱ्हाइकं तीत: कोणाच्या जागी कोण आलं, कोणाचा पत्ता बदलला. ती वही टेबलावर सोडून अण्णा कधी चहाला गेल्याची नोंद नाही. कोणाला पत्ता हवा असला की अण्णा वही छातीशी धरून, पान स्वतःकडे वळवून, वाचून दाखवत. आपण लिहून घ्यायचं. त्यामुळे आमच्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांची आपली आपली यादी होती, आणि एकही यादी दुसरीशी जुळत नव्हती. मार्चमध्ये एका गिऱ्हाइकाला मी पाठवलेला मेल सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर गेला, तेव्हा मल्हार म्हणाला, "सर, आपण शेअर्ड ॲड्रेस बुक करू. नेटवर्कवर एकच वही. सगळ्यांचे मेल प्रोग्राम तिथूनच पत्ते उचलतील. नावाची दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव खाली येईल, एंटर मारा, झालं. एकानं बदललं की सगळ्यांचं बदललं."

"सगळ्यांनीच बदललं तर?" सरांनी विचारलं.

"वाचायचं सगळ्यांनी. लिहायचा राइट फक्त दोघांना. मी, आणि..." मल्हारनं अण्णांकडे पाहिलं. "डेटा अण्णांकडे आहे, म्हणजे अण्णा."

अण्णांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. एकतीस जुलैला त्यांना साठ पूर्ण होणार होती. पुढं ठेवायचं की नाही हे सर जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सांगणार होते, आणि अण्णांना ठेवायचं एकच कारण कोणालाही सुचलं असतं: ती वही. तीच आता नेटवर्कवर ओतून द्या म्हणत होते.

"अख्खी?" अण्णांनी विचारलं.

"अख्खी," सर म्हणाले.

दोन दिवस अण्णांनी वही उघडलीच नाही. दिवसाला अकरा वेळा पाणी प्यायले, एरवी चार. तिसऱ्या दिवशी एकदम खूष होऊन आले आणि कामाला लागले. पाच दिवसांत दोनशे बारा नावं भरली. आम्हा चौघांची नावं मल्हारनं आधीच घातली होती. मग त्यानं आमच्या सगळ्यांच्या जुन्या याद्या पुसून टाकल्या. दोन ठिकाणी दोन पत्ते नकोत म्हणाला.

एप्रिलपासून नवी वही सुरू झाली आणि काम कसं सरळ झालं! 'म' आणि 'ल्ल' टाइप करा, तुमकूरच्या पंप कंपनीचे मल्लाप्पा हजर. नाव तेवढं दिसायचं, पत्ता नाही. मल्लाप्पा तिथले परचेस मॅनेजर; मे महिन्यात जुन्याच्या जागी आलेले, अण्णांनीच घातलेले. मेल जायचा, उत्तर यायचं. फक्त उत्तर यायचं ते अण्णांकडून. 'मल्लाप्पा लिहितात' असं वर लिहून, खाली त्यांचा मजकूर. होसूरचंही तसंच, कोईमतूरचंही तसंच.

"बघा," गिरीराज सर एकदा मल्हारला म्हणाले, "आपण थेट लिहितो, तरी माणसं उत्तर अण्णांनाच देतात. याला म्हणतात संबंध."

अण्णा नम्रपणे खाली बघत होते. खाली त्यांच्या मांडीवर फोन होता.

तो फोन म्हणजे माझ्या वहीतला दुसरा रकाना. के. आर. पुरमहून कंपनीची व्हॅन आम्हाला घेते. आधी अण्णा व्हॅनमध्ये झोपत. परतताना मेडहळ्ळी आली की मी कोपरानं उठवायची. एप्रिलपासून झोप बंद. अंगठा स्क्रीनवर, डोळे बारीक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. सिग्नलला व्हॅन थांबली तरी अंगठा थांबत नव्हता. जेवताना डाव्या हाताला फोन. कारखान्यातल्या सोमवारच्या प्रार्थनेला सगळे उभे असताना अण्णा एका पायावरून दुसऱ्या पायावर. मला वाटलं, साठी जवळ आली की माणसाचं असं होत असेल.

मग जूनमध्ये वही चाळता चाळता मला उत्तरांच्या वेळा दिसल्या. सकाळी नऊ दहा. अकरा पाच. दीड. चार वीस. रोज हेच चार घोळके. तुमकूर, होसूर आणि कोईमतूर, तीन गावांचे परचेस मॅनेजर एकाच वेळी चहाला उठतात आणि एकाच वेळी परत येऊन मेल लिहितात? ही वेळापत्रकं माझ्या ओळखीची होती. नऊ दहाला आमची व्हॅन पोचते. अकराला अण्णा चहा घेतात.

मी नवा मेल उघडला, मल्लाप्पांचं नाव आणलं, आणि माऊसचा बाण त्या नावावर नुसता ठेवला. एक लहान पिवळी पट्टी उघडली. तीत पत्ता होता, पुरुषोत्तम अण्णांचा. होसूरच्या नावामागं तोच. कोईमतूरच्याही.

म्हणजे आम्ही कोणालाही लिहा, मेल अण्णांकडे जात होता. अण्णा तो स्वतःच्या नावानं पुढं पाठवत, गिऱ्हाईक साहजिकच अण्णांना उत्तर देई, आणि अण्णा ते कापून आम्हाला. दोनशे बारा नावांच्या मागं एकटा माणूस पळत होता.

तारीख अकरा जून. मी कोणाला सांगितलं नाही. का, ते विचारू नका. मी ना अण्णांच्या बाजूची, ना सरांच्या. मी वहीच्या बाजूची. आणि खरं सांगायचं तर एवढं मोठं काही आपल्या एकटीला माहीत असण्यात एक गोडी असते. रोज सकाळी व्हॅनमध्ये ती चघळत बसायची.

जुलैच्या मध्याला अण्णांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्षमा, बुधवारी साधारण किती मेल जातात गं?"

"अकरा. सगळ्यांत कमी बुधवारी. का?"

"काही नाही. डोळ्याचं ऑपरेशन सुचेता मागं लागून ठरवतेय. दोनदा पुढं ढकललं. आता बुधवारच धरावा म्हणतो."

"तेवीस तारखेचा?"

"तेवीस. गुरुवारी विश्रांती, शुक्रवारी हजर." शुक्रवार म्हणजे पंचवीस, सरांच्या निकालाचा. अण्णांनी अकरा मेलच्या आणि एका डोळ्याच्या मधला मार्ग काढला होता.

बुधवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना खालून क्वालिटीचा रविकिरण धापा टाकत वर आला. हातात एक बुश आणि भोक मापायचं गेज. "सर, काल तुमकूरला गेलेला लॉट. भोक मोठं आहे. केसभर. पण सगळ्यांत."

सर उभे राहिले. "ते कधी बसवणार?"

"दुपारच्या शिफ्टला. दोनला."

एकदा ते बुश पंपांत बसले की पंप गळणार आणि तुमकूरची ऑर्डर जाणार, हे खाली झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं. सरांनी मेल सांगितला, मी टाइप केला: कालचा लॉट बसवू नका, चूक आमची आहे, बदलून देतो. मी 'म' आणि 'ल्ल' मारलं, नाव खाली आलं. दहा वाजून बारा मिनिटांनी मेल गेला. तो कुठं गेला हे मला माहीत होतं.

मी स्वतःला सांगितलं, ऑपरेशन साडेदहाला आहे. अण्णा आत जाण्याआधी फोन बघतील. आजवर कधी बघितला नाही असं झालंय का?

साडेदहा झाले. सर केबिनमधून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून केबिनपर्यंत. मी दुसरा मेल पाठवला, दहा पन्नास. सरांकडे मल्लाप्पांचा मोबाइल नंबर नव्हता. पत्त्यांच्या वहीत फोनचा रकाना अण्णांनी कोराच ठेवला होता, गिऱ्हाइकांना आवडत नाही म्हणून. अकरा पाचला सरांनी कंपनीच्या बोर्डलाइनवर फोन केला. तिथली बाई म्हणाली, मल्लाप्पा सर शॉपफ्लोअरवर आहेत, आत मोबाइल नेत नाहीत, तोंडी निरोप चालत नाही, मेल करा, मधूनमधून येऊन ते मेल बघतात.

"केलाय की!" सर ओरडले. "दोनदा!"

"मग बघतील," बाई म्हणाली, आणि ठेवला.

मल्हार सर्व्हर बघत होता. "मेल तर गेलेत सर. बाउन्स नाही झाले. डिलिव्हर्ड."

सर माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या बोटांनी टेबलावर चाललेला ताल मला सोसवेना. मी पाण्याची बाटली घेतली आणि जिन्यात गेले. अकरा वीस. सुचेताक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा नंबर लावला.

"अय्यो क्षमा! आत्ताच बाहेर आणलंय बघ. डोळ्यावर ही एवढी पट्टी. आणि म्हणतायत काय, इडली पाहिजे."

"सुचेताक्का, अण्णांना फोन द्या. एक मिनिट."

"फोन नाही द्यायचा म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. आजचा दिवस स्क्रीन नाही. त्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये घालून चेन ओढलीय. सकाळपासून थरथर थरथर. मांडीवर कुणी उंदीर ठेवल्यासारखं वाटतंय मला."

"बघायचं काही नाही. बोलायचंय फक्त."

"ऑफिसचं?"

"हो."

"मग तर नाहीच. एप्रिलपासून हे माझ्याशी बोलताना त्या फोनकडे बघून बोलतात. साठाव्या वर्षी प्रेमात पडलात काय म्हणून विचारलं मी. स्वल्प तरी विश्रांती घेऊ दे गं."

मागून अण्णांचा आवाज आला. "कोण? क्षमा? मेल किती आले विचार तिला!"

"घ्या, घ्या," सुचेताक्का म्हणाल्या. "दुसरा डोळाही काढून द्या त्यांना."

अण्णा फोनवर आले. "बोल."

"अण्णा, मल्लाप्पांचा पत्ता सांगा."

"वहीत आहे की गं. नेटवर्कवरच्या."

"त्या वहीत मल्लाप्पांच्या नावामागं तुम्ही आहात."

पलीकडे कुणीतरी पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होतं. दोनदा पुकारलं.

"कधी कळलं?"

"अकरा जूनला."

"दीड महिना झाला की!"

"एक महिना बारा दिवस."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात?" आणि मग मी एका दमात सगळं सांगितलं: भोक, केसभर, दोनची शिफ्ट, तुमच्या फोनमध्ये पडलेले दोन मेल.

"अरे देवा," अण्णा हळूच म्हणाले.

"सुचेताक्कांना वही काढायला सांगा. त्या वाचतील, मी लिहून घेते."

"वही घरी कपाटात आहे. वही नको. लिही तू." आणि पट्टीमागं डोळे मिटून त्या माणसानं पत्ता अक्षर-अक्षर सांगितला, मधल्या टिंबासकट आणि खालच्या आडव्या रेघेसकट. मी तळहातावर लिहिला. "परत वाच," म्हणाले. मी वाचला. "सरी, ठीक आहे."

मी फोन ठेवणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "सरांना काय सांगशील?"

"पत्ता चुकला होता म्हणून सांगते."

"चुकला नव्हता," अण्णा म्हणाले. फोन सुचेताक्कांनी काढून घेतला असावा, पुढं इडलीचंच ऐकू आलं.

अकरा अडतीसला मी तळहात कीबोर्डजवळ धरून, तो पत्ता हातानं टाइप करून, तोच मेल परत पाठवला. अकरा बेचाळीसला उत्तर आलं. थेट माझ्याकडे. 'बुश बाजूला काढायला सांगितले. पुढची ऑर्डर थांबवली आहे. खुलासा द्या.' पुरुषोत्तम अण्णा कुठं आहेत, हा तुमचाच पत्ता का, असलं एक अक्षर नाही. ज्या संबंधांसाठी अण्णांनी चार महिने झोप सोडली, त्यांना अण्णा मध्ये नसल्याचं कळलंही नव्हतं. चार मिनिटांत.

सर खुर्चीत बसले, दोन घोट पाणी प्यायले, आणि मग व्हायचं तेच झालं. "क्षमा, आधीचे दोन मेल का पोचले नाहीत?"

"पत्ता चुकला होता सर."

"मग त्याच पत्त्यावर मे महिन्यापासून पाठवलेल्या मेलना उत्तरं कशी येतायत?"

मी वहीत पाहिलं. वहीत याचं उत्तर होतं, पण मी ते वाचलं नाही. वाचायची गरजही उरली नाही. मल्हारनं बाण मल्लाप्पांच्या नावावर ठेवला होता. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग त्यानं सगळी वहीच यादीसारखी उघडली आणि पाच मिनिटं नुसता खाली सरकत राहिला.

"सर, दोनशे बारापैकी दोनशे नऊ. सगळ्यांना एकच ॲड्रेस आहे. अण्णांचा."

"आणि उरलेले तीन?"

"पाण्याचा टँकर, विजेचं ऑफिस आणि जनरेटर रिपेअर."

सर केबिनमध्ये गेले आणि दार लावलं, जे दिवसा कधी लावत नाहीत. मल्हार माझ्याकडे झुकला. "क्षमाक्का, हे टू मच आहे. म्हणजे, ब्रिलियंट आहे, पण टू मच. तुम्हाला माहीत होतं?"

"मी फक्त वेळा लिहिते."

"तेच विचारतोय."

गुरुवार खुलाशात गेला. सरांनी अर्धं पान लिहिलं, उत्तर नाही. मल्हारनं दीड पान केलं, तीन रंगांच्या तक्त्यासकट, उत्तर नाही. मग सरांनी तेच परत, वर माफी घालून. सहा वाजेपर्यंत सर खिडकीशी सतरा वेळा गेले. तुमकूर गप्प.

शुक्रवारी अण्णा व्हॅनमध्ये चढले ते काळा चष्मा लावून. नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले. फोन खिशात होता, हात गुडघ्यावर. तो हात दोनदा खिशाकडे गेला आणि परत आला.

"किती जणांना कळलंय?"

"वरच्यांना. खाली नाही."

"सर काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"मग वाईट आहे," अण्णा म्हणाले. टोलनाका गेला. "तू मला नालायक म्हणत असशील."

"तुमच्या नावापुढं अजून काही लिहिलेलं नाही."

त्यांना हसू आलं, पण पुरतं नाही. "अगं, पत्ते देऊन टाकले असते तर माझ्याकडं काय राहिलं असतं? रेक्झिन. आणि रबरबँड. एकतीसला सरांनी शाल घातली असती, मल्हारनं फोटो काढला असता. आणि उद्या कुणाचा पत्ता चुकला असता तरी मला कुणी फोन केला नसता. नेटवर्कवर आहे की!"

"बुधवारी केला की मी फोन."

"तो तू पत्त्यासाठी केलास," अण्णा म्हणाले, आणि उरलेली वाट बाहेर बघत राहिले. बाहेर बघून काय दिसत होतं देव जाणे.

दहा वाजता सरांनी त्यांना आत बोलावलं, आणि मलाही. "लिहून घे," म्हणाले. मी वही उघडली.

"अण्णा," सर टेबलावरच्या पेपरवेटशी बोलल्यासारखं बोलले, "वडिलांच्या वेळेपासून तुम्ही आहात म्हणून मी आवाज चढवत नाही. आज संध्याकाळपर्यंत सगळ्या नावांमागं खरे पत्ते घालून द्या. एकतीसला मोकळे व्हा. पुढचं काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाले. ज्याच्यासाठी चार महिने अंगठा झिजवला ते दोन वाक्यांत संपलं. ते उठले, खुर्चीची पाठ चाचपली, दारापर्यंत गेले. मग वळले. "मल्लाप्पांचं काय झालं?"

"ऑर्डर थांबवलीय. खुलासा मागितला. काल तीन पाठवले, वाचल्याचं चिन्ह नाही."

"केवढे?"

"दीड पान. तक्त्यासकट."

"अय्यो!" दात दुखल्यासारखा चेहरा केला अण्णांनी. "तो मागतो खुलासा, वाचत नाही. चार ओळींच्या वर गेलं की त्याला वाटतं समोरचा लपवतोय. त्याला मोजलेलं लागतं, सर. त्याला एकच विचारा. किती बसवले होते?"

"बसवू नका म्हणून आपण वेळेत कळवलं. बाजूला काढले म्हणाला की."

"बाजूला काढायला सांगितले म्हणाला. सकाळच्या शिफ्टनं घाईघाईत थोडे बसवलेच असतील. तेच त्याला डाचतंय. तो स्वतःहून सांगणार नाही. विचारा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांच्या कॉम्प्युटरवर लिहिलं, 'किती बसवले होते?' एवढंच. दहा एकतीस. अण्णा दारातच उभे. सरांची बोटं टेबलावर.

दहा चौतीस. 'चौदा. काढले.'

"आता लिहा," अण्णा म्हणाले, "चौदा नवीन, तपासलेले, उद्या सकाळी आमचा माणूस हातानं घेऊन येतो. बाकीचा लॉट सोमवारी. माफी घालू नका. एकदा घातलीय ना? बास."

तसं लिहिलं. दहा बावन्नला 'या' असं उत्तर आलं. बाराच्या आत ऑर्डर सुरू केल्याचा मेल आला, पण तोवर अण्णा बाहेर जाऊन त्यांच्या टेबलाशी बसले होते आणि सर केबिनच्या दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

"अण्णा, हे तुमच्या वहीत कुठं लिहिलंय?"

"कुठलं सर?"

"हेच. चार ओळी, मोजलेलं, स्वतःहून सांगणार नाही."

"ते वहीत नाही. वहीत एका माणसाला एक ओळ. पत्ता लिहिला की संपली."

मल्हारनं हेडफोन काढला. "सर, ॲड्रेस बुकमध्ये जागा आहे. प्रत्येक कॉन्टॅक्टच्या खाली नोट्सचा बॉक्स असतो. कितीही लिहा, सगळ्यांना दिसतं." त्यानं स्क्रीन वळवला. मल्लाप्पांच्या नावाखाली एक मोठा पांढरा चौकोन. "दोनशे बारा आहेत. सगळे रिकामे."

अण्णा खुर्ची सरकवून स्क्रीनजवळ गेले, काळा चष्मा कपाळावर चढवला, ऑपरेशन झालेला डोळा जवळ नेला, आणि त्या रिकाम्या चौकोनाकडे असं बघत राहिले की मला त्यांच्याऐवजी वहीकडे बघावं लागलं.

"हे भरायला किती दिवस लागतील?" सरांनी विचारलं.

"सर, हे घाईनं होणारं नव्हे."

"ते मला कळतंय." सरांनी मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून हे त्यांनाही ठरवायला वेळ लागला. "एकतीसला तुम्ही निवृत्त. तो निकाल तोच. एक ऑगस्टपासून आठवड्याचे तीन दिवस या, हे चौकोन भरेपर्यंत. पत्ते मात्र आजच्या आज. आणि मल्हार, त्या वहीत लिहायचा हक्क क्षमालाही दे. दोघांचं लक्ष दोघांवर राहू दे."

पत्ते संध्याकाळी साडेपाचला संपले. अण्णा सांगत होते, मी भरत होते. रेक्झिनची वही त्यांनी एकदाही मागवली नाही. शेवटच्या नावामागचा त्यांचा पत्ता पुसला तेव्हा त्यांच्या खिशातला फोन गप्प होता. तरी त्यांनी तो काढून पाहिला. परतीच्या व्हॅनमध्ये मेडहळ्ळीच्या आधीच त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. मी उठवलं नाही, के. आर. पुरमला ड्रायव्हरनं हॉर्न मारून उठवलं.

आता ऑगस्ट संपत आलाय. अण्णा मंगळवार, बुधवार, गुरुवार येतात आणि दिवसाला एक चौकोन भरतात. 'होसूर: सोमवारी उपास असतो, त्या दिवशी भाव बोलू नये.' 'कोईमतूर: "बघतो" म्हणाले की झालं समजावं, "नक्की" म्हणाले तर परत विचारावं.' एक टीप लिहून झाली की चहा, मग ती खोडून परत. या वेगानं दोनशे बाराला एक वर्ष चार महिने लागतात. हा हिशेब मी दुसऱ्याच आठवड्यात केला. सरांनीही केला असणार. ते बोलले नाहीत.

काल गुरुवारी मेल लिहिताना चुकून माझंच नाव खाली आलं. त्याच्या खाली चौकोन होता, आणि तो रिकामा नव्हता. 'क्षमा: हिला सगळं माहीत असतं. विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारायला उशीर करू नये.'

सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत! मी उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले. मल्हारनं वाचलं असेल? सरांनी? पुसायचा हक्क आता मलाही होता. बाण त्या ओळींवर नेला. समोरच्या टेबलावर अण्णा स्क्रीनमागं इतके स्थिर बसले होते की एप्रिलपासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

पुसलं नाही. अण्णांचं कार्ड उघडलं. पत्ता त्यांचाच, आणि आता फक्त त्यांच्याच नावामागं. खालच्या चौकोनात लिहिलं, 'मंगळ, बुध, गुरु. पत्त्यासाठी नाही, इतर सगळ्यासाठी फोन करावा,' आणि एंटर मारलं.

तीन चाळीसला अण्णांनी काहीतरी उघडून वाचलं. तीन बेचाळीसला ते पाणी प्यायला उठले. मग परत, तीन पंचेचाळीसला. दोन्ही वेळा लिहून ठेवल्या आहेत.